मनगटावरची नीळ

दौलताबादहून खुलताबादमार्गे वेरूळकडे जाताना दुकानांच्या पुढ्यात काळ्या दोऱ्यांचे झुबके टांगलेले दिसतात. भद्रा मारुतीच्या दर्शनाला आलेले लोक ते घेतात आणि दृष्ट लागू नये म्हणून पोरांच्या मनगटाला बांधतात. हाताला लागतात ते बहुतेक नायलॉनचे. तसाच दोरा साध्या सुताचा, झाडाच्या निळीत जवळजवळ काळा होईपर्यंत रंगवलेला, असा आम्ही दौलताबादेत करून पाहिला. गोफ विणायला फार वेळ लागत नाही. वेळ खातो तो निळीचा रांजण.

निळीची वडी पाण्यात विरघळत नाही. कितीही घोटा, गाळ तळाशी बसतो. प्राणवायू नसलेल्या आणि चुन्याने अल्कधर्मी केलेल्या पाण्यातच ती विरघळते, आणि पाण्यातला प्राणवायू संपवण्याचं काम जिवाणू करतात. त्यांना खाद्य म्हणून दक्षिणेतले रंगारी तरोट्याचं बी वापरत आले आहेत. हा तरोटा आपल्याकडे पहिल्या पावसात बांधाबांधावर उगवतो. कोवळी पानं भाजीला जातात, शेंगांकडे मात्र कुणी बघत नाही. बी मऊ होईस्तोवर उकळलं की पाणी भेंडीसारखं बुळबुळीत होतं. ते कोमट असतानाच वाटलेली नीळ आणि चुना घालून रांजण झाकायचा आणि रोज हलक्या हाताने ढवळायचा. थंडीत तो लवकर जागा होत नाही; मराठवाड्याचा उन्हाळा त्याला मानवतो.

नीळ उठली हे आधी नाकाला कळतं. आंबूस, उग्र वास येतो. वर तांब्यासारखी चकाकणारी साय धरते, निळा फेस जमतो. ती साय बाजूला सारली की खालचं पाणी पिवळट हिरवं दिसतं. निळ्या रंगाच्या रांजणात निळं पाणी नसतं, हे कितीदा पाहिलं तरी नवल वाटतं.

सुताची लडी सोड्यात उकळून तिचा मेणचटपणा काढलेला हवा, नाहीतर रंग वरवर बसतो. ओली लडी पिळून अलगद खाली सोडायची, आत बुडबुडे जाऊ द्यायचे नाहीत. काही मिनिटांनी पाण्याखालीच पिळून बाहेर काढली की ती हिरवी दिसते, आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळी होऊ लागते. ती पूर्ण निळी झाल्याशिवाय पुन्हा बुडवायची नाही. दाट रांजणात एकदा बुडवून गडद केलेला रंग पुढे हाताला लागत राहतो. पातळ रांजणात पुन्हा पुन्हा बुडवून चढवलेला टिकतो. इथे घाईला जागाच नाही. शेवटी पाणी स्वच्छ निघेपर्यंत लडी धुवायची, मगच गोफ आणि सरकती गाठ.

१८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यातली नीळ बाजारात आणली आणि काही वर्षांतच भारतातली निळीची शेती मोडली. आज तमिळनाडू आणि आंध्रात ती थोडीफार होते. कारखान्यातला आणि झाडाचा रंगकण रसायन म्हणून एकच असल्यामुळे दोरा चोळून फरक कळणार नाही. म्हणून विकणाऱ्याला विचारा, वडी कुठून आणली, रांजण कशाने उठवला. ज्याने रांजण सांभाळला आहे तो भरभरून सांगेल. पांढऱ्या ओल्या फडक्यावर दोरा घासूनही बघा. डाग पडला तर धुणं कमी झालं आहे. तान्ह्या बाळासाठी घेत असाल तर टोकं अगदी आखूड कापा, कारण मनगट तोंडात जातंच. दोरा बांधल्यावर आपली करंगळी आत सहज गेली पाहिजे, आणि बाळ वाढेल तसा तो सैल करत जा.