कोपी पेटली तर दावणीच्या बैलांचे काय?

कारखान्याची मोळी पडली की बिद्रीच्या आजूबाजूला दुसरे एक गाव वसते. श्री दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याच्या हंगामासाठी ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, रिकाम्या रानात कोप्या पडतात आणि चार-पाच महिने तिथेच संसार होतो. कोपी म्हणजे काय, तर चार काठ्या, वर पाचट किंवा ताडपत्री आणि दारात तीन दगडांची चूल. कोपीला लागून बैल, त्यांच्यापुढे वाढ्यांचा ढीग, एखादी शेळी, डालग्याखाली झाकलेल्या कोंबड्या आणि गावाहून गाडीबरोबर चालत आलेले कुत्रे. सगळे एकमेकांना चिकटून, आणि जवळजवळ सगळे पेट घेणारे.

वणवा म्हटले की आपल्याला कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलिया आठवतात. ऑस्ट्रेलियातल्या २०१९-२० च्या वणव्यांत सुमारे ३०० कोटी प्राणी मेले किंवा विस्थापित झाले, असा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडला. होरपळलेल्या कोआलांचे फोटो आपणही एकमेकांना पाठवले. पाठवले ते चांगलेच केले. पण आपल्या जिल्ह्यातही राधानगरी, भुदरगड, पन्हाळ्याचे डोंगर पेटत असतात आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही. फेब्रुवारी ते मे हा आपला वणव्याचा हंगाम. जाळले की पावसाळ्यात गवत चांगले येते, हा समज अजून गेलेला नाही. कुणी मधासाठी धूर करतो, कुणी बांध साफ करायला काडी लावतो, कुणाची बिडी पडते. खाली सपाटीला, म्हणजे बिद्रीसारख्या उसाच्या पट्ट्यात, आगीचे कारण पाचट असते. ऊस तुटला की रानात राहिलेले पाचट पेटवून मोकळे व्हायचे ही सवय. वारा फिरला की तीच आग शेजारच्या उभ्या उसात, गवताच्या गंजीत, गोठ्यात किंवा कोप्यांवर जाते.

माणसे बहुधा पळतात. जनावर पळू शकत नाही, कारण ते आपणच बांधलेले असते.

आग आणि पूर या गोष्टी वेगळ्या, पण जनावरांबाबतचा सर्वांत मोठा धडा कोल्हापूरला पुराने दिला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे गेली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. बाहेर पडा, असे सांगूनही चिखली, आंबेवाडीसारख्या गावांत अनेक कुटुंबे घरातच थांबली. ही माणसे हट्टी होती असे तेव्हा टीव्हीवर बोलले गेले. आम्हाला ते पटले नाही आणि आजही पटत नाही. गोठ्यात दोन म्हशी आहेत, त्यांच्या दुधावर घर चालते, बोटीत म्हैस बसत नाही आणि तिला कुठे न्यायचे हे कुणी सांगितलेले नाही. अशा वेळी माणूस थांबणारच. अमेरिकेत २००५ च्या कतरिना वादळात हेच झाले. कुत्रा-मांजर सोडून या म्हटल्यावर कितीतरी लोकांनी घर सोडले नाही. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, तिथे कायदा झाला की आपत्तीच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचीही सोय दाखवावी लागेल. म्हणजे जनावराची सोय हा माणसाला वाचवण्याचाच भाग आहे. 'आधी माणसांचे बघा, मग जनावरांचे' असे म्हणणाऱ्या कार्यकर्त्याने हे एकदा शांतपणे समजून घ्यावे.

आणि ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्यासाठी तर जनावर म्हणजे सगळी शिल्लक. आपल्या वस्तीतल्या बाईची शेळी ही तिची बँक असते. पोराची फी आणि दवाखाना त्यातूनच निघतो. ऊसतोडीच्या गाडीवानाचे तर आणखी अवघड. मुकादमाकडून उचल घेऊन बैलजोडी घेतलेली असते. चांगल्या जोडीची किंमत लाखाच्या वर जाते. बैल होरपळला तर गाडी थांबते, पण उचल फिटायची थांबत नाही. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणून मोजणाऱ्या या व्यवसायात बैलाला निदान स्वतंत्र मोजतात, एवढीच काय ती त्याची प्रतिष्ठा.

तर करायचे काय?

पहिली गोष्ट आगीच्या आधीची. दावे ओढताच सुटेल अशा गाठीने बांधायचे आणि दावणीजवळ एक धारदार विळा कायम अडकवून ठेवायचा. कोपीवर कोयते असतात हे खरे, पण ते पहाटेच फडात जातात. दिवसभर कोपीवर म्हातारी माणसे आणि मुले उरतात. म्हणजे प्रसंग आला तर दावे कापणारा हात दहा-बारा वर्षांच्या मुलाचा असण्याची शक्यता जास्त. त्या मुलाला गाठ कशी सुटते ते दाखवायला पाच मिनिटे लागतात. वाढ्यांचा आणि पाचटाचा ढीग कोपीपासून आणि चुलीपासून लांब रचायचा, कोप्यांच्या दोन ओळींमध्ये मोकळी जागा ठेवायची, भोवती चार-पाच हात रुंद जमीन खरवडून गवत काढून टाकायचे. यालाच जाळरेषा म्हणतात. वनखाते डोंगरावर जे करते तेच इथे लहान प्रमाणात.

आग लागल्यावर जनावर सोडवायला जाणाऱ्याने आधी स्वतःची परतीची वाट बघावी. १०१ किंवा ११२ ला फोन दुसऱ्या कुणीतरी लावावा. डोंगरावरचा वणवा असेल तर वनविभागाचा १९२६. घाबरलेला बैल ओळखीच्या माणसाचेही ऐकत नाही. ओल्या पोत्याने किंवा पंच्याने त्याचे डोळे झाकले तर तो कासऱ्याने चालतो. वाऱ्याच्या आडव्या दिशेने, नांगरलेल्या किंवा आधीच मोकळ्या झालेल्या रानात न्यायचे. वेळच नसेल तर दावे कापायचे आणि हाकलायचे. मात्र बाहेर काढलेले जनावर मोकळे सोडू नये. ते परत आपल्या गोठ्यात शिरते, कारण सुरक्षित जागा म्हणून त्याला तेवढीच माहीत असते. हे अनेकांना ठाऊक नसते आणि एकदा वाचवलेले जनावर दुसऱ्यांदा आगीत जाते.

भाजलेल्या भागावर स्वच्छ, साधे थंड पाणी किमान वीस मिनिटे हळूहळू ओतत राहायचे. बर्फ नको. शाई, हळद-तेल, टूथपेस्ट, तूप यांतले काहीच लावायचे नाही. डॉक्टर आल्यावर ते सगळे खरवडून काढावे लागते आणि जनावराला दुप्पट त्रास होतो. मग १९६२ लावायचा. हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक आहे, त्यावरून फिरते पथक बोलावता येते. वरून काहीच भाजलेले दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. धुराने फुप्फुसाला झालेली इजा एक-दोन दिवसांनी वर येते: खोकला, तोंड उघडून श्वास, नाकातून फेस. गरम राखेवरून चाललेल्या बैलाचे खूर लगेच काही सांगत नाहीत, चार दिवसांनी तो लंगडतो. दुभत्या म्हशीची कास भाजली असेल तर दूध काढणे थांबवू नका, पण ते कसे काढायचे हे डॉक्टरांना विचारूनच.

छावणी लावायची वेळ आली तर आपल्याकडचा उत्साह पहिल्याच दिवशी वैरणीच्या ट्रॉल्या आणून ओततो. उपाशी जनावरापुढे अचानक खूप ओला चारा किंवा धान्य टाकले की पोट फुगते. पाणी आधी, मग थोडी वाळली वैरण, मग हळूहळू बाकीचे. वाढे तर आपल्याकडे फुकट मिळतात, पण नुसत्या वाढ्यांवर जनावर जास्त दिवस ठेवू नये. त्यातल्या ऑक्झलेटमुळे अंगातले कॅल्शियम कमी होते. चुन्याची निवळी आणि खनिज मिश्रण द्यावे लागते. नवी आलेली आणि आजारी दिसणारी जनावरे वेगळी बांधा. २०२२ मध्ये लम्पीने काय केले ते सगळ्यांनी पाहिले आहे.

कुत्र्या-मांजरांबद्दल थोडेच. मांजर लपते आणि रात्री परत येते, तेव्हा जुन्या जागी पाणी ठेवा. टोळी दुसरीकडे हलली तर कुत्रा जळक्या कोपीपाशीच बसून राहतो, त्याचीही आठवण ठेवा. भाजलेल्या कुत्र्याला हात लावण्याआधी त्याचे तोंड कापडाने बांधा, आणि चावलाच तर रेबीजची लस टाळू नका.

उसाच्या फडातून किंवा डोंगरावरून पळालेल्या रानजनावरांबाबत मात्र आपले काम बाजूला होण्याचे आहे. रानमांजराची पिल्ले सापडली तर ती घरी आणू नका. आग विझल्यावर माणसे लांब गेली की आई त्यांना घेऊन जाऊ शकते. गवा खाली उतरला तर त्याच्यामागे मोबाईल घेऊन धावू नका. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये वाट चुकलेल्या गव्याचा पाठलाग गर्दीने कित्येक तास केला आणि अखेर तो मेला.

मदतीला जाणाऱ्या आपल्या पोरांना एक व्यावहारिक सूचना. टेम्पोत बैल घालून रात्री रस्त्याने जाणे ही आजच्या काळात साधी गोष्ट राहिलेली नाही. राज्यात २०१५ पासून गोवंशाच्या कायद्याची कडक तरतूद आहे आणि तो कायदा आपल्या हातात आहे असे समजणारे गट रस्त्यावर उभे असतात. टेम्पोतला पोरगा कुठल्या वस्तीतला आहे हेही विचारले जाते. म्हणून जनावराच्या मालकाला सोबत बसवा, कानातल्या १२ अंकी बिल्ल्याचा फोटो ठेवा, ग्रामपंचायतीचे दोन ओळींचे पत्र घ्या, निघण्याआधी पोलिस ठाण्याला कळवा. यात भित्रेपणा नाही. आपले काम बैल पोचवायचे आहे.

आता भरपाईचे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांतल्या आपत्तींच्या यादीत पुराबरोबर आगही आहे. २०२२-२३ ते २०२५-२६ साठी ठरलेले दर असे: दुभती गाय किंवा म्हैस ३७,५०० रुपये, बैल ३२,००० रुपये, वासरू २०,००० रुपये, शेळी, मेंढी किंवा डुक्कर ४,००० रुपये, कोंबडी १०० रुपये. मोठ्या जनावरांना कुटुंबामागे तीनची मर्यादा आहे. बाजारभावाशी या आकड्यांचे नाते फारसे नाही, पण तेवढेही हातात पडायला दोन कागद लागतात: पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा शवविच्छेदनाचा दाखला आणि तलाठ्याचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचा, पंचनामा. गोठा असलेल्या शेतकऱ्याकडे पंचनाम्याला माणूस येतो. कोपीवर यायला त्याला बोलवावे लागते. रेशनकार्ड मूळ गावचे, नुकसान इथले, आणि 'तुमच्या तालुक्यात जा' हे उत्तर ठरलेले. नुकसान जिथे झाले तिथेच पंचनामा झाला पाहिजे, हा आग्रह स्थानिक तरुणांनी धरायचा, कारण परगावचा कामगार तो धरू शकत नाही. जनावर पुरण्याआधी बिल्ल्यासह फोटो काढा, साक्षीदारांची नावे लिहा. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे. टोळीतल्या लोकांकडे कामगार म्हणून ओळखपत्र आहे का, हेही त्याच वेळी विचारून ठेवा.

आणि मेलेल्या जनावरांचे. आपत्ती संपली की गावातून निरोप येतो, 'तुमच्यातली चार पोरे पाठवा'. महाडच्या मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा असे सांगितले त्याला शंभर वर्षे होत आली. जुलै २०१६ मध्ये उनामध्ये मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना भर रस्त्यात मारले गेले, आणि त्यानंतर गुजरातमधल्या दलितांनी मेलेली जनावरे उचलायला नकार दिला. आमची भूमिका सरळ आहे. जिवंत जनावरासाठी आपण रात्री-अपरात्री धावू, ते जनावर कुणाचेही असो. मेलेले जनावर उचलणे हे ग्रामपंचायतीचे आणि प्रशासनाचे काम आहे. जेसीबी, हातमोजे, चुना आणि खोल खड्डा यांची व्यवस्था त्यांनी करायची. ते काम कुणी स्वेच्छेने, सगळ्या गावाबरोबर केले तर चांगलेच. जातीने मात्र नाही.

हे वाचून कुणी विचारेल की यात धम्म कुठे आला. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याचे कोरलेले आहे. दोघांसाठी औषधी वनस्पती लावल्या, रस्त्यांवर विहिरी खोदल्या. राजाने शिळेवर कोरण्याइतके ते काम मोठे मानले गेले. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये करुणा माणसांपुरती आणि मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत, असा फरक केला आहे. वंदना संपवून 'सब्बे सत्ता सुखी होन्तु' म्हणणारे आपण, त्या 'सब्बे'मध्ये कोपीवरची शेळी धरतो की नाही एवढाच प्रश्न आहे.

बिद्री परिसरातल्या मंडळांना आमची सूचना आहे की हे काम मोळी पडण्याआधी सुरू करा. गावातल्या कुणाची जागा रिकामी आहे, कुणाकडे टेम्पो आहे, पशुवैद्यकीय दवाखाना कुठे आणि किती वाजेपर्यंत उघडा असतो, हे एका वहीत लिहा. कोप्या पडल्या की टोळीनिहाय जनावरे मोजा. पाचट न जाळता सरीत कुजवणाऱ्या शेतकऱ्याला भेटा आणि त्याचे रान शेजाऱ्यांना दाखवा; आग मुळात लागूच नये याचा तोच सर्वांत स्वस्त उपाय. कोप्यांवर जायचे असेल तर दिवे लागणीच्या सुमाराला जा. दुपारी तिथे मोठे माणूस सापडत नाही, आणि रात्री नऊला सगळे झोपलेले असतात, कारण पहाटे चारला पुन्हा फडावर जायचे असते.