प्रसाधनांचे मोल : अधिक किंमत कोठे द्यावी?

सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात एकाच रंगाच्या दोन लिपस्टिक शेजारी शेजारी मांडलेल्या असतात आणि एकीची किंमत दुसरीच्या दहापट असते. दोन्ही कांड्या सारख्याच लांबीच्या; आतील द्रव्याचे वजनही बहुधा तीन ते चार ग्रॅमच. मग हा दहापटीचा फरक कशाचा? घरचा जमाखर्च पाहणाऱ्या गृहिणीला हा प्रश्न पडतो, तसाच पहिल्या पगारातून काही चांगले घ्यावे म्हणून बाजारात निघालेल्या तरुणीलाही पडतो. त्याचे उत्तर जाहिरातीत मिळत नाही. प्रसाधन कोणत्या द्रव्यांचे बनले आहे हे पाहिल्यावरच ते मिळते.

लिपस्टिक म्हणजे मेण, तेल आणि रंग यांचे घट्ट मिश्रण होय. मधमाशांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअस तापमानाला वितळते. ब्राझीलमधील एका ताडजातीच्या वृक्षाच्या पानांपासून काढलेले कार्नौबा मेण मात्र ८० अंशांच्या पुढे जाईपर्यंत वितळत नाही. पहिल्याने कांडी मऊ राहते, दुसऱ्याने ती ताठ उभी राहते. या दोहोंचे प्रमाण चुकले म्हणजे नागपूरच्या किंवा बिकानेरच्या उन्हाळ्यात कांडीवर तेलाचे घर्मबिंदू दिसू लागतात. तेल म्हणून पुष्कळदा एरंडेलच वापरतात, आणि एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला असून त्यातील मोठा वाटा एकट्या गुजरातचा आहे. म्हणजे पॅरिसहून आलेल्या कांडीतही सौराष्ट्रातील शेतातील तेल असणे अशक्य नाही! ही द्रव्ये स्वस्त व महाग अशा दोन्ही मालांत थोड्याफार फरकाने तीच असतात. वाढीव किमतीत धातूची डबी, सुगंध, जाहिरात, दुकानाचे भाडे आणि परदेशी मालावरील जकात यांचा मोठा भाग असतो. रंग अधिक बारीक घोटणे आणि प्रत्येक घाणीत तीच छटा साधणे यांवर होणारा खर्च खरा असला, तरी तो किमतीच्या मानाने अल्प असतो.

तथापि एवढ्यावरून ‘सर्वांत स्वस्त तेच घ्यावे’ असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. किमतीच्या शिडीवरील पहिली पायरी आणि वरच्या पायऱ्या यांत फार फरक आहे. निनावी, वेष्टनावर काहीही न छापलेल्या मालाकडून ज्ञात उत्पादकाच्या साध्या मालाकडे जाण्यास जे थोडे अधिक पैसे लागतात, ते सर्वांत मोलाचे होत. त्या साध्या मालाकडून अतिमहाग मालाकडे जाताना मात्र प्रत्येक रुपयागणिक पदरात पडणारे गुण झपाट्याने कमी होत जातात.

पहिल्या पायरीचे महत्त्व सर्वांत अधिक कोठे, हे काजळ, सुरमा आणि सिंदूर यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. घरी धरलेले काजळ म्हणजे दिव्याची काजळी, अर्थात कार्बन, तुपात किंवा एरंडेलात खललेला. सुरमा ही वेगळी वस्तू आहे. बाजारात सुरमा म्हणून मिळणारी काळी चकचकीत पूड पुष्कळदा गॅलीना या खनिजाची, म्हणजे शिशाच्या सल्फाइडची असते. त्यात वजनाने सुमारे ८७ टक्के शिसेच असते. भांगात भरावयाच्या सिंदुराची कथाही अशीच आहे. हळकुंडांवर टाकणखार, तुरटी, लिंबाचा रस किंवा चुना यांचे संस्कार करून केलेले कुंकू वेगळे आणि शिशाच्या तांबड्या ऑक्साइडचा, म्हणजे खऱ्या अर्थाने शेंदराचा, भगवा-लाल चूर्ण वेगळा. या ऑक्साइडात शिशाचे प्रमाण सुमारे ९० टक्के असते. प्रसाधनांच्या रंगात शिशाची मर्यादा आपल्या देशात दशलक्ष भागांस २० भाग एवढी आहे. नऊ लक्ष कोठे आणि वीस कोठे!

शिसे शरीरात साठत जाते. ते हाडांत वर्षानुवर्षे राहते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधा आणते. प्रौढ स्त्रीच्या अखंड त्वचेतून ते फारसे आत जात नाही हे खरे; पण सिंदूर बोटांना लागतो, बोटे अन्नाला लागतात, उशीवर सांडलेली पूड शेजारी निजलेल्या बालकाच्या तोंडात जाते. तान्ह्या मुलाच्या डोळ्यात सुरमा घालण्याची चाल तर याहून वाईट, कारण मूल डोळे चोळते आणि तीच मूठ चोखते. दृष्ट लागू नये म्हणून केलेला उपाय अशा रीतीने मुलालाच बाधतो. शिसे आहे की नाही हे रंगावरून, वासावरून वा बोटांच्या चिमटीत धरून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. म्हणून येथे गिऱ्हाइकाच्या हाती एकच साधन उरते, ते म्हणजे वेष्टनावरील मजकूर.

१९४० च्या औषधविषयक कायद्याच्या कक्षेत सौंदर्यप्रसाधने १९६२ च्या दुरुस्तीने आली आणि २०२० मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम झाले. त्यांनुसार उत्पादकाचे नाव व पत्ता, घाणीचा क्रमांक, परवान्याचा क्रमांक, वापराची अंतिम मुदत आणि घटकद्रव्यांची यादी छापणे आवश्यक आहे. घटकद्रव्ये प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असतात. जाहिरातीत केशराचे चित्र मोठे आणि यादीत केशर अगदी शेवटी, असे आढळले म्हणजे किमतीचा अर्थ आपोआप उलगडतो.

गोरेपणाच्या मलमांविषयी तर अधिकच सावध असले पाहिजे. पाऱ्याचे क्षार त्वचेतील काळे रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया रोखतात, त्यामुळे काही आठवड्यांत वर्ण उजळल्यासारखा दिसतो; पण पारा त्वचेतून रक्तात व तेथून मूत्रपिंडात जातो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराचे जे रुग्ण एकापाठोपाठ आढळले, त्यांच्यापैकी बहुतेकजणी अशी मलमे वापरीत होत्या. या बाबतीत महाग-स्वस्त हा भेदच निरर्थक आहे. जे मलम फार लवकर गुण देते, त्याचाच अधिक संशय घ्यावा.

याउलट काही वस्तूंवर अधिक खर्च करण्याचे प्रयोजन नाही. चेहऱ्याच्या पावडरीचा मुख्य भाग शंखजिरे असतो आणि तो राजस्थानच्या खाणींतून विपुल मिळतो. अस्बेस्टॉसपासून मुक्त असे शुद्ध शंखजिरे हवे, एवढीच अट. ती पुरी झाल्यावर उरते ते अत्तर व डबा. साध्या स्नोचेही तसेच. स्टिअरिक आम्ल, थोडा अल्कली, ग्लिसरीन आणि दोन-तृतीयांशाहून अधिक पाणी ही त्याची जुनी कृती. पाण्यासाठी मोठी किंमत कोणी द्यावी?

फाउंडेशनची गोष्ट थोडी निराळी आहे. मानवी त्वचेच्या बहुतेक सर्व छटा चार रंगद्रव्यांतून साधतात : पांढरा टिटॅनियम डाय-ऑक्साइड आणि लोहाची पिवळी, तांबडी व काळी ऑक्साइडे. अंगणात सारवायचा गेरू याच कुळातला. द्रव्ये स्वस्त आहेत. कौशल्य आहे ते मिश्रणात. पांढरा रंग जास्त झाला म्हणजे सावळ्या चेहऱ्यावर राखेसारखी झाक येते. म्हणून आपल्या वर्णाशी तंतोतंत जुळणारी छटा केवळ महाग मालातच मिळत असेल, तर तो खर्च योग्य होय. छटा मनगटावर नव्हे, तर जबड्याच्या कडेला लावून आणि दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात पाहावी.

उन्हापासून संरक्षण करणाऱ्या मलमांवरील आकडा पुष्कळांना फसवितो. ‘एस. पी. एफ. १५’ चे मलम त्वचा भाजणारे सुमारे ९३ टक्के किरण अडविते, ३० चे सुमारे ९७ टक्के आणि ५० चे ९८ टक्के. तिशीच्या पुढे दुप्पट पैसे मोजून एखाद-दुसराच टक्का पदरात पडतो. शिवाय हे मोजमाप दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम मलम लावून केलेले असते आणि प्रत्यक्षात लोक त्याहून पुष्कळ कमी लावतात. तेव्हा महाग कुपी काटकसरीने वापरण्यापेक्षा मध्यम किमतीची सढळ हाताने वापरलेली बरी. पावडरीवर तसा आकडा छापलेला असला, तरी तिच्या पातळ थराचा त्या दृष्टीने फारसा उपयोग नाही.

पापण्यांच्या केसांना लावावयाचा मस्कारा उघडल्यापासून तीन ते सहा महिन्यांत टाकून द्यावा लागतो, कारण कुंचला प्रत्येक वेळी पापणीवरील जंतू घेऊन ओलसर नळीत परततो आणि तेथे ते वाढतात. जी वस्तू इतक्या लवकर टाकावयाची, ती ज्ञात उत्पादकाची पण लहान व स्वस्त घ्यावी. महाग घेतली तर फेकवत नाही, आणि न फेकल्यास डोळे येतात. चेहऱ्यावर पावडर फिरविण्याचे चांगले कुंचले मात्र कितीतरी वर्षे टिकतात. त्यांचे केस गळत नाहीत, साध्या पावडरीचा थरही त्यांनी सारखा बसतो. ते आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात धुवून आडवे वाळवावेत. उभे ठेवल्यास पाणी मुठीत उतरते आणि डिंक सुटतो.