मध्यस्थ आणि पारखी यांची बोलणी

ठाण्यांतील एखाद्या शाळेंत विद्यार्थ्यानें संगणकावर एखादें पान मागितलें, म्हणजे ती मागणी पुष्कळदां थेट बाहेर जात नाहीं. ती प्रथम शाळेच्या मध्यस्थ संगणकाकडे, म्हणजे 'प्रॉक्सी'कडे जाते. आलेला मजकूर निर्दोष आहे काय, ही पारख करण्यासाठीं मध्यस्थ तो दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवितो. कल्याणास कसारा व कर्जत या दोन वाटा फुटतात. तेथें गाड्या सोडणाराच प्रत्येक डब्यांतील माल पारखूं लागला, तर ठाण्यापर्यंत खोळंबा होईल. तशीच ही कामाची विभागणी आहे.

या दोघांच्या संभाषणाचे नियम २००३ सालच्या एप्रिलमध्यें 'आयकॅप' या नांवानें प्रसिद्ध झाले. बंधनकारक प्रमाण म्हणून नव्हे, केवळ माहितीदाखल. तरी त्यांची मांडणी मोठी व्यवहारचतुर आहे. मध्यस्थ आधीं विचारतो, "आपली सेवा कोणती? नमुना केवढा पाहिजे?" उत्तर मिळालें, कीं तो मजकुराचा आरंभींचा ठरलेला भाग तेवढा धाडतो. धान्याचा व्यापारी तरी सबंध पोतें कोठें ओततो? मूठभर दाणे हातावर घेतो. पारखी '१००' म्हणाला, तर उरलेलें पाठवावयाचें. '२०४' म्हणाला, तर बदल नको, तुमच्यापाशीं आहे तेंच पुढें जाऊं द्या. निर्दोष मजकुराची परत वाहतूक त्यामुळें वांचते. मात्र नमुन्यावर निर्णय न होतां सर्व मजकूर गेला असेल, तर '२०४' हें उत्तर मध्यस्थानें आपणांजवळ प्रत ठेवल्याचें आधीं कळविलें असेल तेव्हांच द्यावयाचें. पारखी मुळींच बोलला नाहीं तर? मजकूर अडवावा कीं सोडावा, हें ज्याचें त्यानें आधीं ठरवून ठेवावें. ऐनवेळीं ठरविणें घातक.

पण मजकूर पारखणारा तो बदलूंही शकतो, आणि खरी भीति येथेंच आहे. इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डानें २००२ च्या जानेवारींत अशा सेवांविषयीं बजाविलें, कीं मागणारा किंवा देणारा, निदान एकाची स्पष्ट संमति पाहिजे, आणि मध्यें काय घडलें तें कळण्याची सोय पाहिजे. या विचारानें आंखलेला दुसरा प्रोटोकॉल २००५ त प्रसिद्ध झाला.

आतां बहुतेक मजकूर सांकेतिक रूपांत, मोहोरबंद लखोट्यासारखा जातो. डोंबिवलीच्या कचेरींतील मध्यस्थास तो उघडावयाचा, तर कारकुनाच्या संगणकावर स्वतःचें विश्वासपत्र आधीं बसवावें लागतें. आणि मग त्याच कारकुनाचा बँकेचा व्यवहारही त्याच्या नजरेखालून जाऊं शकतो.