‘दुखणारच गं’ म्हणण्याआधी

पहिलटकरीण लेक देगलूरला माहेरी येते, बाळंत होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ अंगाला लावलं की तिचे डोळे भरून येतात. मग आई, मावशी, शेजारच्या काकू एका सुरात सांगतात, “दुखणारच गं. आम्ही नाही का सोसलं? कातडी निबर झाली की थांबतं.”

मायेने सांगितलेली ही गोष्ट चुकीची आहे. ती एकट्या देगलूरची नाही, पुण्या-मुंबईच्या शिकल्यासवरल्या घरांतही हेच ऐकायला मिळतं.

सुरुवातीच्या काही दिवसांत बाळाने तोंड लावताच क्षणभर ओढ बसते, ती चालण्यासारखी. पण पाजून होईस्तोवर कळ थांबत नसेल, चिरा पडत असतील, रक्त येत असेल, तर बाळाची पकड चुकते आहे. बाळाने नुसतं बोंड तोंडात धरलं की ते जीभ आणि टाळूचा पुढचा कडक भाग यांच्यात चेपलं जातं. भोवतालच्या काळ्या भागासकट स्तन तोंडात खोलवर गेला, की बोंड मागच्या मऊ टाळूपाशी पोचतं आणि तिथे चेपायला काही नसतं. पाजून झाल्यावर बोंड नव्या लिपस्टिकसारखं तिरकं, चपटं बाहेर आलं तर समजावं, पकड उथळ आहे. त्यात निबर होण्याजोगं काही नाही.

मग करायचं काय? आयआयटी मुंबईशी संबंधित बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल स्तनपानाच्या प्रशिक्षणात एका पद्धतीवर भर देतात. डाव्या बाजूला पाजायचं असेल तर बाळ उजव्या हातावर घ्यायचं, त्याचं पोट आईच्या पोटाला लागलेलं. उजव्या हाताने मानेला आणि खांद्यांना आधार द्यायचा, डोकं मागून दाबायचं नाही. डाव्या हाताने स्तन सावरायचा. बोंड बाळाच्या नाकासमोर ठेवून त्याने मोठ्ठा आ करायची वाट बघायची, आणि हनुवटी आधी टेकेल असं त्याला जवळ ओढायचं. आईने पुढे वाकायचं नाही. पकड जमली की हनुवटी स्तनाला टेकते, खालचा ओठ बाहेर वळतो आणि काळा भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसतो. दुखलं तर बाळाला ओढून काढायचं नाही. ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी आत सारली की पकड सुटते, मग पुन्हा लावायचं.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सरकारी कार्यक्रमानुसार आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. पहिल्या दोन भेटी नेमक्या दुखण्याच्या दिवसांतल्या. त्यांनी बाळाचं वजन, ताप तर बघावाच, पण “माझ्यासमोर पाज बरं” असं म्हणून एकदा पाजताना पाहणं जास्त उपयोगाचं.

“पण आमचं तर आपोआप थांबलं,” असं मावशी म्हणतील, आणि ते अर्धं खरं आहे. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या ‘कोक्रेन’ने २०१४ मध्ये ६५६ मातांवरच्या ४ चाचण्या तपासल्या. काहीही लावलं तरी बहुतेकींचं दुखणं ७ ते १० दिवसांत सौम्य झालं होतं. लॅनोलिन मलम लावणाऱ्यांना काहीच न लावणाऱ्यांपेक्षा किंवा स्वतःचं दूध लावणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाल्याचं दिसलं नाही. पण तेवढे दिवस दात-ओठ खाऊन काढायचे कशासाठी? त्या दिवसांतच तर घरात पावडरचा डबा आणि बाटली शिरते.

बाकीच्या समजुती थोडक्यात. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यापासून टॉवेलने घासून बोंडं ‘तयार’ करावी लागत नाहीत, त्याने कातडी सोलवटते. दर वेळी साबणाने धुतलं की त्वचेचा नैसर्गिक तेलकटपणा जातो. रोजची अंघोळ पुरे. चिरेतलं थोडं रक्त दुधासोबत पोटात गेलं म्हणून बाळाला बाधत नाही. मध लावू नये, एक वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आणि ‘त्या बाजूने पाजणं बंद कर’ हा तर सगळ्यात उलटा सल्ला: दूध तुंबतं, गाठ येते, स्तनदाह होऊ शकतो. फारच दुखत असेल तर त्या बाजूचं दूध हाताने पिळून वाटी-चमच्याने पाजावं, पण बाजू रिकामी करत राहावी.

पकड बरोबर असूनही दुखणं हटत नसेल तर बाळाची जीभ खालून बांधलेली आहे का, हे डॉक्टरांकडून बघून घ्यावं. चांगलं चाललेलं असताना मध्येच जळजळ सुरू झाली तर बुरशीचा संसर्गही असू शकतो. स्तन लाल, गरम होऊन ताप आला तर मात्र घरी हळद-तेल लावत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तिथे औषध मिळालं तरी पाजणं बहुधा थांबवावं लागत नाही.