साठी बुद्धी नाठी?

दिवाळीच्या सुटीत पुण्या-मुंबईची मंडळी वऱ्हाडातल्या आपल्या घरी जातात. पातूरच्या अशाच एका घराची कल्पना करा. दर नवरात्रात रेणुकामातेची टेकडी चढणारे आजोबा यंदा नातवाचे नाव विसरतात. एकच प्रश्न दहादा विचारतात. बाजारातून परतताना वाट चुकतात. शेजारी म्हणतात, “म्हातारचय लागला बाप्पा, दुसरं काय!” आणि विषय तेथेच मिटतो.

तो मिटू नये, यासाठीच हा लेख.

विस्मृती हे तापासारखे लक्षण आहे. ताप हिवतापाने येतो, तसा विषमज्वरानेही येतो. बुद्धिभ्रंशाचीही कारणे अनेक आहेत; आणि वृद्धापकाळी दोन-तीन कारणे एकाच मेंदूत घर करून असतात. १९०६ साली आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी ज्या विकाराचे वर्णन केले, तो एक. बारीक रक्तवाहिन्या तुंबून मेंदूचे लहान भाग मरणे, हे दुसरे. १९९७ साली अमेरिकेत १०२ वृद्ध जोगिणींच्या मेंदूंची मरणोत्तर तपासणी प्रसिद्ध झाली. अल्झायमरच्या खुणा असलेल्या ज्या मेंदूंत असे लहान आघातही होते, त्या स्त्रियांत बुद्धिभ्रंशाचे प्रमाण पुष्कळ अधिक आढळले.

पूर्वी हे मृत्यूनंतरच कळे. १९७१ साली लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने प्रथमच जिवंत रुग्णाच्या मेंदूचा छेद दाखविला. पुढे एमआरआय आले. त्यात क्ष-किरण नसतात. चुंबक आणि रेडिओलहरी यांवर काम चालते. स्मृतीचे ठाणे असलेला हिप्पोकॅम्पस आक्रसला असेल, तर अल्झायमरचा संशय येतो. जुन्या आघातांचे खळगे आणि पांढरे डाग रक्तवाहिन्यांचा दोष सुचवितात. दोन्ही दिसले, तर कारण मिश्र असण्याचा संभव. पेट नावाच्या तपासणीत मेंदूचा कोणता भाग साखर कमी वापरतो तेही दिसते. परंतु ती महाग, आणि मोठ्या शहरांतच मिळणारी.

मग उपयोग काय? अल्झायमरने झालेली हानी आज भरून येत नाही. परंतु रक्तदाब व मधुमेह काबूत ठेवले, तंबाखू सोडली, तर नवे आघात टाळण्यास मदत होते. क्वचित असेही निघते की, महिन्यापूर्वी आजोबा पडले होते आणि कवटीच्या आत रक्त साचले आहे. ते काढता येते. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव वा थायरॉइडचा दोष मात्र छायाचित्रात दिसत नाही. त्यासाठी रक्त तपासावे लागते.

छायाचित्र हा अखेरचा निवाडाही नव्हे. पांढरे डाग शाबूत बुद्धीच्या म्हाताऱ्यांतही आढळतात. डॉक्टरांना हवी असते घरच्यांची साक्ष. विसर हळूहळू वाढला की पायरीपायरीने? आजोबा कधी पडले? नसलेली माणसे दिसतात का? कोणती औषधे चालू आहेत? हे वहीत लिहून न्यावे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख माणसांना बुद्धिभ्रंश आहे. पातूरहून अकोला तीसेक किलोमीटर; तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. भाऊबीज झाली की आजोबांना घेऊन एकदा जाऊन या. साठी येणारच; पण बुद्धी का नाठी झाली, एवढे तरी विचारलेच पाहिजे.