रोजमेळ, खतावणी आणि लॅपटॉप

जुन्या पेढीवर रोजमेळ आणि खतावणी ही दोन पुस्तके वेगळी असत. दिवसभराचे व्यवहार आधी रोजमेळात उतरत आणि मग दिवाणजी सवडीने एकेका आसामीच्या खात्यावर त्यांची खतावणी करीत. या पद्धतीत हिशेबाच्या सोयीखेरीज आणखी एक लाभ दडलेला होता. खतावणी वाळवीने खाल्ली किंवा गळत्या छपराखाली भिजली, तरी रोजमेळावरून ती पुन्हा उभी करता येई. आज सांगलीच्या हळदपेठेतील अडत दुकान असो की पुण्यातील कापडाची पेढी, रोजमेळ, खतावणी, मालसाठा, जीएसटीची बिले आणि बाजारातील येणी हे सारे एकाच लॅपटॉपच्या एकाच डिस्कवर असते. दिवाळीला चोपडापूजनासाठी लाल वही चौरंगावर मांडली जाते खरी. पण बऱ्याच घरांत ती पुढे वर्षभर कोरीच राहते.

हा लॅपटॉप मार्चअखेरीस एका सकाळी सुरूच झाला नाही तर? त्या वेळी दोन निरनिराळी नुकसाने संभवतात आणि अनुभवी व्यापारीही त्यांची गल्लत करतात. एक, विंडोज बिघडून यंत्र निकामी होणे. दुसरे, हिशेब जाणे. पहिल्यावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही.

पहिल्यावरचा उपाय म्हणजे रिकव्हरी ड्राइव्ह. आता बहुतेक लॅपटॉपना डीव्हीडीचा कप्पाही नसतो. विंडोज पुन्हा बसवण्याची सामग्री निर्माता त्याच डिस्कच्या एका राखीव भागात ठेवून देतो. डिस्कच गेली तर हा भागही तिच्याबरोबर जातो. तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवावी, तसा हा प्रकार आहे. म्हणून लॅपटॉप सुस्थितीत असतानाच किमान १६ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा, विंडोजच्या शोधपट्टीतून ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ हा प्रोग्रॅम उघडावा आणि सिस्टिम फायली उतरवून घेण्याच्या चौकटीवर खूण ठेवून काम सुरू करावे. त्या पेनड्राइव्हवर आधीचे जे काही असेल ते पुसले जाते. मुलीच्या लग्नाचे फोटो त्यावर नाहीत ना, एवढे पाहून घ्यावे. मात्र या ड्राइव्हवर हिशेबाचे एक पानही नसते. उलट, त्यावरून विंडोज नव्याने बसवले की डिस्कवरील फायली आणि प्रोग्रॅम नाहीसे होतात.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानी नसते. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते. दुरुस्तीनंतर यंत्र एकाएकी ४८ अंकी किल्ली मागते आणि ती नसेल तर शाबूत डिस्कवरील हिशेबही हाती लागत नाही. ही किल्ली सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. ते खाते दुकान सोडून गेलेल्या नोकराच्या नावाने उघडलेले असेल, तर अडचण किती मोठी होईल हे सांगायला नको. किल्ली कागदावर उतरवून दस्तऐवजांच्या कपाटात ठेवावी.

हिशेबाची प्रत हे निराळे काम आहे आणि ते रोजचे आहे. टॅली प्राइममध्ये ‘डेटा’ या यादीतील ‘बॅकअप’ने ते काही मिनिटांत होते. प्रत दर दिवशी तारखेच्या वेगळ्या फोल्डरमध्ये घ्यावी. कालची चूक आजच्या प्रतीतही उतरते, तेव्हा परवाची प्रत कामी येते. जाणकार तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक अन्यत्र, असा दंडक सांगतात. अन्यत्र म्हणजे दुसऱ्या वास्तूत. दुकानाच्या दुसऱ्या खणात नव्हे. बाहेरील हार्ड डिस्क काम होताच काढून ठेवावी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभरच्या संगणकांतील फायली कुलूपबंद केल्या, आणि असा विषाणू यंत्राला जोडून ठेवलेल्या डिस्कलाही सोडत नाही. क्लाउडवर आपोआप जुळत राहणारा फोल्डर सोयीचा खरा, पण येथे पुसलेली फाईल तेथूनही पुसली जाते. त्यावर एकट्यावर विसंबू नये.

कायद्याचीही यात बाजू आहे. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. ३१ मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षाची दप्तरे त्यामुळे ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत दाखवता आली पाहिजेत. इतकी वर्षे एक लॅपटॉप क्वचितच टिकतो. गमतीचा भाग असा, की जगात ‘वर्ल्ड बॅकअप डे’ पाळला जातो तोही ३१ मार्चलाच. त्या दिवशी पेढीवर कोणाला मान वर करायलाही फुरसत नसते. हे काम फेब्रुवारीतच उरकावे.

प्रत घेतली म्हणजे ती उघडेलच, असे नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या संगणकावर, नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये ती उतरवून पाहावी. चालू हिशेबाच्या जागीच ती उतरवली तर ताज्या नोंदींवर जुन्या चढतील. उतरवलेल्या प्रतीतील तेरीज त्याच तारखेच्या मूळ तेरजेशी पैशापर्यंत ताडून पाहावी, आणि ती जुळल्यावरच डिस्क कपाटात जावी.