घरातील आणि अंगणातील गोचीड : ओळख व बंदोबस्त

एखादा मनुष्य पिच्छा सोडीनासा झाला, म्हणजे तो ‘गोचिडासारखा चिकटला’ असे मराठीत म्हणतात. या वाक्प्रचारात गोचिडाचा एक गुण अचूक टिपलेला आहे; परंतु दुसरा गुण त्यातून कळत नाही. गोचीड आपल्या आयुष्याचा मोठा भाग जनावराच्या अंगाबाहेर, भिंतीच्या फटींत, गवतात व पालापाचोळ्यात काढतो. ही गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळेच त्याच्या नाशासाठी केलेला खर्च व श्रम पुष्कळदा वाया जातात.

छत्तीसगडमधील भिलाई हे शहर सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या पोलाद कारखान्याभोवती वाढले. १९५९ साली तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या कामगारांसाठी सेक्टरवार वसाहती वसल्या. त्यांत मराठी कुटुंबेही आली. घराभोवती अंगण, अंगणात झाडे, दाराशी कुत्रा आणि शहराला लागून गाई-म्हशी पाळणारी खेडी, अशा वस्तीत गोचिडाला हवे ते सारे मिळते : उष्णता, सावली, लपण्यास जागा आणि रक्त. तेथील हिंदी भाषक शेजारी त्याला ‘किलनी’ म्हणतात. नाव वेगळे असले, तरी उपद्रव एकच.

गोचिडाचे जीवनचक्र

गोचीड हा कीटक नव्हे. कोळी व विंचू यांच्या वर्गातील हा जीव आहे. म्हणून पूर्ण वाढलेल्या गोचिडास आठ पाय असतात. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलास मात्र सहाच पाय असतात. अंडे, पिलू, अर्भकावस्था व प्रौढावस्था अशा चार अवस्थांतून तो जातो. पिलापासून पुढील प्रत्येक अवस्थेत त्यास रक्त लागते. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी जनावराच्या अंगावरून खाली पडते, आडोशाला जाऊन हजारो अंडी घालते आणि मरते. एका मादीकडे दुर्लक्ष केल्यास पुढे हजारोंशी गाठ पडते, ती अशी.

गाईच्या अंगावरील सर्वसामान्य गोचीड पिलापासून प्रौढ होईपर्यंत सुमारे तीन आठवडे एकाच जनावरावर राहतो. कुत्र्यावरील तपकिरी गोचिडाची रीत निराळी आहे. तो प्रत्येक वेळी रक्त पिऊन झाल्यावर कुत्र्याच्या अंगावरून उतरतो, भिंतीवर चढतो व चौकटीच्या फटीत, खाटेच्या सांध्यात किंवा पडद्याच्या घडीत कात टाकतो. त्याचे सर्व जीवनचक्र घरातल्या घरात पूर्ण होऊ शकते. म्हणून केवळ कुत्र्यास औषध लावून घर मोकळे होत नाही.

गोचिडामुळे होणारे रोग

गोचीड रोग पसरवतो, हे विज्ञानाने फार पूर्वी सिद्ध केले आहे. अमेरिकेतील थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनी १८९३ साली गुरांच्या एका घातक तापाचा प्रसार गोचिडाद्वारे होतो, असे दाखवून दिले. डासाच्या शरीरात हिवतापाचे परजीवी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे आढळले, ते त्यानंतर चार वर्षांनी, १८९७ साली.

गुरांच्या या तापाला बबेसिओसिस म्हणतात. त्यात जनावरास तीव्र ताप येतो व लघवी तांबडी होते. थायलेरिओसिस हा दुसरा रोग संकरित गाईंना विशेष बाधतो. गाय आटली किंवा दगावली, तर दुधावर चालणाऱ्या कुटुंबाचा आधारच जातो. कुत्र्याच्या गोचिडापासून माणसासही ताप, डोकेदुखी व अंगावर पुरळ असा आजार होऊ शकतो.

जंगलालगतच्या गावांचा अनुभव याहून गंभीर आहे. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली माकडे मरू लागली व पाठोपाठ माणसेही आजारी पडली. हाच ‘माकडताप’. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले. काजूच्या बागांत व रानात काम करणारी माणसे त्यास बळी पडली. हा रोग विषाणूमुळे होतो आणि शंभर रुग्णांपैकी साधारण तीन ते पाच दगावतात. त्याचा वाहक गोचीड मुख्यतः रानात राहणारा असून घरातील कुत्र्याच्या गोचिडाहून वेगळा आहे. अशा भागात मेलेले माकड दिसल्यास त्यास हात न लावता आरोग्य केंद्रास कळवावे. कारण मेलेल्या माकडावरील गोचीड नव्या आश्रयाच्या शोधात आसपास पसरतात.

बंदोबस्ताचे उपाय

पहिला उपाय स्वच्छतेचा. अंगणातील गवत आखूड ठेवावे, पालापाचोळा साचू देऊ नये, विटांचे व लाकडांचे ढीग भिंतीपासून दूर ठेवावेत. ऊन व कोरडी हवा यांत गोचिडाची अंडी व पिले तग धरत नाहीत. गोठ्याच्या व घराच्या भिंतींतील भेगा सिमेंटने बुजवाव्यात. कुत्र्याचे अंथरूण दर आठवड्यास कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे. कोंबड्या गोचीड वेचून खातात. परंतु औषध फवारलेल्या जागी त्यांना सोडू नये.

दुसरा उपाय औषधाचा. औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच निवडावे. त्याचे प्रमाण वेष्टनावर दिल्याप्रमाणे असावे. जनावर, गोठा व भिंतींच्या फटी यांवर एकाच वेळी उपचार करावा. मात्र जागेवर फवारताना जनावरे, चारा व पाणी तेथून हलवावे. अंडी बहुधा औषधाने मरत नाहीत, त्यामुळे सांगितलेल्या मुदतीने उपचार पुन्हा करणे अगत्याचे असते. पिकांवर फवारण्याचे कीटकनाशक जनावराच्या अंगावर कधीही घालू नये; त्याने विषबाधा होते. कुत्र्यासाठी असलेली काही औषधे मांजरास प्राणघातक ठरतात. एकच औषध वर्षानुवर्षे वापरल्यास गोचीड त्यास दाद देईनासे होतात. औषध दिल्यानंतर किती दिवस दूध वापरू नये, हेही विचारून घ्यावे. दुर्गजवळील अंजोरा येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; गावोगावच्या सरकारी पशुचिकित्सालयांतही असा सल्ला मिळतो.

नवीन जनावर विकत आणल्यास काही दिवस वेगळे बांधून तपासावे.

गोचीड चावल्यास

अंगास चिकटलेला गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सावकाश सरळ वर ओढावा. त्यावर रॉकेल ओतणे, त्यास चटका देणे किंवा बोटांनी चिरडणे या रीती धोक्याच्या आहेत. काढलेला गोचीड स्पिरिटात टाकावा. नंतर चाव्याची जागा व हात साबणाने स्वच्छ धुवावेत. पुढील दोन आठवड्यांत ताप आल्यास डॉक्टरांकडे जावे व गोचीड चावल्याचे आवर्जून सांगावे. एवढ्या एका माहितीने रोगाचे निदान लवकर होऊ शकते.

गोचीड एका दिवसात नाहीसा होत नाही. जनावर, घर व अंगण या तिन्हींकडे नियमाने लक्ष पुरवणाऱ्या कुटुंबाला मात्र तो फार काळ त्रास देऊ शकत नाही.